वाऱ्याची दिशा कोणाला ठाऊक होती?

१९८१ सालच्या डिसेंबरात भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात देखभालीचं काम करणाऱ्या एका कामगाराच्या अंगावर द्रवरूप फॉस्जीन उडालं. तोंडावर मास्क होता, पण तो घाबरला आणि तिथल्या तिथे त्यानं मास्क ओढून काढला. कपड्यांवरून उठणारी वाफ त्याच्या छातीत गेली आणि रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांवर सोडलेला वायू. ज्याची त्याच्याशी रोज गाठ पडते, त्या माणसाला एक गोष्ट हातापायांत मुरेपर्यंत शिकवायला हवी: अंगावर उडालं तर आधी पाण्याच्या फवाऱ्याखाली जायचं आणि मास्क सगळ्यात शेवटी काढायचा.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९८२ मध्ये, पुन्हा फॉस्जीन गळलं आणि वीसहून अधिक कामगारांना रुग्णालयात न्यावं लागलं. या वेळी कोणाच्याच तोंडावर मास्क नव्हता. फेब्रुवारीत मिथिल आयसोसायनेट गळलं. त्याला कामगार ‘मिक’ म्हणत. पुढे सारं जग ज्या रात्रीला भोपाळची रात्र म्हणू लागलं, तिच्या जवळपास तीन वर्षं आधीचं हे सगळं आहे. त्या रात्रीची हकिकत बहुतेक वेळा झडपा, नळ आणि टाक्यांच्या भाषेत सांगितली जाते. तितकीच ती माणसांना काय शिकवलं होतं आणि काय शिकवलं नव्हतं याचीही हकिकत आहे.

एव्हरेडीच्या सेलमुळे युनियन कार्बाइड हे नाव भारतात घरोघरी पोहोचलेलं होतं. मुंबईत ट्रॉम्बेला कंपनीचा पेट्रोरसायनांचा कारखाना होता. भोपाळच्या उत्तर भागात कंपनीनं १९६९ मध्ये कीटकनाशकांचा कारखाना सुरू केला. आरंभी तयार रसायनं आणून मिसळण्याचं काम चाले. ‘सेविन’ नावाच्या कीटकनाशकासाठी लागणारं मिक अमेरिकेहून पिंपांत भरून येई. १९८० पासून ते भोपाळमध्येच बनू लागलं. क्लोरीन आणि कार्बन मोनॉक्साइडपासून फॉस्जीन, फॉस्जीन आणि मोनोमिथिलअमाइनपासून मिक, आणि शेवटी अल्फा-नॅफ्थॉलशी संयोग घडवून सेविन, अशी ही साखळी होती. मिक ३९ अंश सेल्सिअसला उकळतं. भोपाळच्या उन्हाळ्यात हवाही त्याहून तापते. पाण्याशी त्याचा संबंध आला की उष्णता निर्माण होते, उष्णतेनं क्रिया वेगावते आणि त्यातून आणखी उष्णता सुटते. म्हणून ते थंड, कोरडं आणि नायट्रोजनच्या आवरणाखाली ठेवायचं असतं.

सुरुवातीच्या वर्षांत ही जाण ठेवूनच माणसं निवडली जात. ऑपरेटर म्हणून विज्ञानाचे पदवीधर किंवा अभियांत्रिकीचे पदविकाधारक घेतले जात. वर्गातले तास आणि प्लँटवरचा सराव मिळून त्यांचं प्रशिक्षण महिनोन्‌महिने चाले. काही अभियंत्यांना अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात इन्स्टिट्यूट नावाच्या गावी पाठवलं होतं, कारण तिथे कंपनीचा असाच कारखाना होता. तिथून परतलेल्या माणसांना नुसती बटणं ठाऊक नव्हती, तर कुठलं बटण कशासाठी आहे हेही माहीत होतं.

पुढे सेविन अपेक्षेइतकं खपेना. स्वस्त कीटकनाशकं बाजारात आली, शेतकऱ्याच्या हातात पैसा नव्हता. कारखाना वर्षाला पाच हजार टनांच्या अपेक्षेनं उभारलेला, पण १९८४ पर्यंत उत्पादन तिच्या कितीतरी खाली घसरलं. तोटा वाढला तशी खर्चाला कात्री लागली. अनुभवी माणसं दुसरीकडे निघून गेली, त्यांच्या जागी दुसऱ्या विभागांतून माणसं आणून बसवली. मिक विभागात पाळीवरच्या ऑपरेटरांची संख्या जवळपास अर्ध्यावर आली. रात्रपाळीच्या देखभाल पर्यवेक्षकाचं पद तर दुर्घटनेच्या काही दिवस आधीच रद्द झालं होतं. कामगारांनी नंतर पत्रकारांना सांगितलं त्याप्रमाणे प्रशिक्षणाचे महिने आक्रसत काही आठवड्यांवर आले. सूचनापुस्तिका इंग्रजीत होत्या आणि त्या नीट वाचू न शकणारे कामगार प्लँटवर होते. मिक विभागात काम केलेल्या टी. आर. चौहान यांनी पुढे या कारखान्यावर पुस्तक लिहिलं. आपल्यालाही पुरेसं प्रशिक्षण न देता जबाबदारीच्या जागी उभं करण्यात आलं, असं त्यांचं म्हणणं आहे.

ही गोष्ट कंपनीपासून लपून राहिली होती असं नाही. मे १९८२ मध्ये अमेरिकेतल्या मूळ कंपनीनं तीन तज्ज्ञांचं पथक भोपाळला पाठवलं. विषारी वायू बाहेर पडण्याची शक्यता, गळक्या झडपा, बेभरवशाची मापकं यांची जंत्री त्यांच्या अहवालात आहे. माणसं सतत सोडून जातात, हेही त्यात नोंदवलेलं आहे. आणखी एका नोंदीकडे नंतर फार कमी जणांचं लक्ष गेलं. इथलं प्रशिक्षण पाठांतरावर चालतं, एखादी कृती अशीच का करायची याची मूलभूत समज कामगारांना दिली जात नाही, असं पथकाचं निरीक्षण होतं. बाहेरून आलेल्या तीन माणसांना थोड्या दिवसांत जे दिसलं, ते कारखाना चालवणाऱ्यांना न दिसणं शक्य नव्हतं.

घोकलेला नियम नेहमीच्या दिवशी चालून जातो. वेगळं काही घडलं की त्याचा आधार सुटतो, कारण तो कशासाठी होता हे माणसाला सांगता येत नाही. मग नियम हळूहळू घासले जातात. मिक गळतंय हे कळायला भोपाळमध्ये उपकरणापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर भिस्त होती. डोळे चुरचुरले, पाणी आलं की गळती शोधायची. कंपनीच्याच तांत्रिक पुस्तिकेत लिहिलं होतं की डोळ्यांची जळजळ हा धोक्याचा इशारा म्हणून धरू नये. पण पुस्तिकेतलं वाक्य पाळीवरच्या माणसापर्यंत पोहोचलंच नव्हतं.

बाहेरून इशारा देणारा एक माणूस होता. पत्रकार राजकुमार केसवानी ‘रपट’ नावाचं छोटं हिंदी साप्ताहिक चालवत. फॉस्जीननं मेलेला कामगार त्यांच्या ओळखीचा होता. त्या मृत्यूनंतर त्यांनी कारखान्याची कागदपत्रं मिळवून वाचायला सुरुवात केली आणि सप्टेंबर १९८२ पासून शहराला सावध करणारे लेख एकामागून एक छापले. जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’तही त्यांनी तोच विषय मांडला. शासनाच्या पातळीवर काही हललं नाही. भोपाळचे कारखाना निरीक्षक यंत्र अभियंते होते, रसायनांच्या धोक्यांचं त्यांचं ज्ञान तुटपुंजं होतं.

निरीक्षकांच्या या तुटपुंज्या ज्ञानाला इतिहास होता. भारतातली कारखाना-सुरक्षा जन्मली मुंबईच्या गिरण्यांत. १८७५ मध्ये मुंबईत गिरण्यांच्या पाहणीसाठी आयोग नेमला गेला, १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा आला. १८८४ मध्ये कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी हजारो कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. रविवारची सुटी, दुपारची विश्रांती आणि वेळेवर पगार यांच्या जोडीला त्यात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जो कायमचा जायबंदी होईल त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. गिरणीतला धोका डोळ्यांना दिसे. फिरता पट्टा, दातेरी चाक, वाफेचा बॉयलर. म्हणून कायदाही पट्ट्याभोवती कठडा आहे का, चाकावर झाकण आहे का, हे पाहायला शिकला. १९४८ चा कारखाना अधिनियम पुष्कळ पुढारलेला होता, तरी त्याची नजर मुख्यतः यंत्रावरच होती. नळातून वाहणारं, न दिसणारं रसायन त्या नजरेतून निसटत होतं.

२ डिसेंबर १९८४, रविवार. रात्री मिक विभागातल्या काही नळ्या पाण्यानं धुण्याचं काम सुरू झालं. असे नळ धुताना पाणी पुढे टाकीकडे जाऊ नये म्हणून जोडाच्या ठिकाणी लोखंडी चकती बसवायची असते. तिला स्लिप ब्लाइंड म्हणतात. ती बसवलेली नव्हती. धुणाऱ्या कामगाराच्या हे लक्षात आलं होतं, पण चकती बसवणं त्याचं काम नव्हतं. ते देखभाल विभागाचं होतं आणि रात्री देखभालीचा पर्यवेक्षकच नव्हता. टाकी क्रमांक ६१० मध्ये सुमारे ४० टन मिक साठवलेलं होतं. त्यात पाणी शिरलं.

पाणी नेमकं कोणत्या वाटेनं शिरलं यावर वाद झाला. नाराज कामगारानं मुद्दाम रबरी नळी जोडून पाणी सोडलं, असा कंपनीचा दावा राहिला. कामगारांनी आणि अनेक अभ्यासकांनी तो फेटाळला. पण पाणी कसंही आलं असो, त्यानंतर जे घडलं त्यात वादाला जागा कमी आहे. टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा खर्च वाचवण्यासाठी जूनपासून बंद होती. वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर चालू अवस्थेत नव्हता. उरलेला वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरकडे जाणारा नळाचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. पाण्याचे फवारे होते, पण वायू ज्या उंचीवरून बाहेर पडत होता तिथवर ते पोहोचत नव्हते.

रात्री पावणेअकराला पाळी बदलली. त्याआधी टाकीतला दाब दर चौरस इंचाला २ पौंड नोंदवलेला होता, अकरा वाजता तो १० पौंड होता. नव्या पाळीच्या माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. दहा हा आकडा नेहमीच्या मर्यादेत बसत होता आणि मापकं चुकीचं दाखवतात हाही रोजचा अनुभव होता. आकडा केवढा आहे यापेक्षा तो किती वेगानं चढतोय हे पाहायचं, हे एक वाक्य कोणी मनावर ठसवलं असतं तर अकरा वाजता धावपळ सुरू झाली असती. साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती आहे हे वर कळवलं गेलं. चहाची वेळ झाली होती; चहा झाल्यावर बघू, असं ठरलं. साडेबाराच्या आसपास दाबाचा काटा मापकाच्या टोकाला जाऊन भिडला. टाकीवरचं काँक्रीट तडकू लागलं, आणि पावणेएकच्या आत सुरक्षा झडप उघडून वायू उंच नळीतून थेट हवेत जाऊ लागला.

यानंतर कारखान्याच्या आत आणि बाहेर जे घडलं त्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. कारखान्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी लावलेली होती. आतल्या कामगारांनी ती पाहिली आणि वारा जिकडून येत होता तिकडे पळाले. त्या रात्री कामावर असलेल्यांपैकी जवळजवळ सगळे वाचले. कितीही तोकडं असलं तरी त्यांना मिळालेल्या प्रशिक्षणातलं हे एक कलम कामी आलं.

कुंपणापलीकडे जयप्रकाशनगर होतं, काझी कॅम्प होता, चांदबड होतं. तिथल्या लोकांना मिक हा शब्दही कधी कोणी सांगितला नव्हता. कारखान्याचा सार्वजनिक भोंगा थोडा वेळ वाजून बंद झाला. किरकोळ गळतीनं वस्ती उगाच घाबरू नये म्हणून आतला इशारा आणि बाहेरचा भोंगा एकमेकांपासून तोडण्यात आले होते. नंतर भोंगा पुन्हा वाजू लागला तेव्हा काही जण, आग लागली असेल म्हणून मदत करायला कारखान्याच्या दिशेनं धावले. बाकीचे वाट फुटेल तिकडे पळाले आणि त्यांतले पुष्कळ जण वायूच्याच दिशेनं, वाऱ्याबरोबर पळत राहिले. धावल्यानं श्वास जोरात चालतो आणि विष अधिक आत ओढलं जातं. तोंडावर ओलं फडकं धरा, दारं-खिडक्या लावून घ्या, पळायचंच तर वाऱ्याला आडवे पळा, एवढ्या तीन सूचनांनी कितीतरी जीव वाचले असते. त्या द्यायला पैसा लागत नव्हता, यंत्र लागत नव्हतं. वस्तीत एक सभा घेतली असती तरी पुरलं असतं. पण त्यासाठी आपल्या टाक्यांत काय आहे हे कंपनीला उघड सांगावं लागलं असतं.

भोपाळ स्थानकावर उपस्थानकप्रमुख गुलाम दस्तगीर यांनी वरच्या आदेशाची वाट न पाहता फलाटावर उभी असलेली प्रवासी गाडी वेळेआधी सोडून दिली आणि आसपासच्या स्थानकांना गाड्या इकडे पाठवू नका असं कळवलं. त्यांची तब्येत त्या रात्रीनंतर कधीच सुधारली नाही. हमीदिया रुग्णालयात डोळे सुजलेली, धाप लागलेली माणसं हजारोंनी येत होती आणि हा कोणता वायू आहे, त्यावर उतारा काय, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. कंपनीच्या डॉक्टरांकडून मिळालेलं उत्तर असं होतं की वायू फक्त चुरचुरणारा आहे, डोळ्यांवर पाणी मारा.

नुकसानभरपाईच्या सरकारी नोंदीत मृतांचा आकडा ५,२९५ आहे. पीडितांच्या संघटना त्याच्या कितीतरी पट आकडा सांगतात. बाधितांची संख्या पाच लाखांच्या वर गेली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयानं कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना निष्काळजीपणाबद्दल दोन वर्षांची शिक्षा सुनावली.

पण कारखाने भरवस्तीत चालतात त्या देशाला आणखी एक हिशेब करायचा होता. भोपाळला वर्ष होत असतानाच, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम, म्हणजे वाफाळतं सल्फ्युरिक आम्ल, गळलं. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९८६ मध्ये ठरवून दिलं की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद असते, आपण काळजी घेतली होती हे कारण चालणार नाही. त्याच वर्षी पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात एक आख्खं नवं प्रकरण घालण्यात आलं.

त्या प्रकरणातलं प्रत्येक कलम भोपाळच्या एकेका उणिवेसमोर ठेवून वाचता येतं. कलम ४१-ब प्रमाणे कारखान्यात कोणतं घातक द्रव्य आहे, त्यापासून काय धोका आहे आणि तो टाळायचा कसा, हे कामगारांना, निरीक्षकांना आणि आसपासच्या लोकांनाही सांगणं मालकावर बंधनकारक झालं. ४१-ग ने सुरक्षा समितीत कामगारांना बरोबरीनं बसवलं. ४१-ह प्रमाणे जिवावरचा धोका वाटला तर कामगाराला तो थेट वर कळवता येऊ लागला आणि त्यावर तातडीनं पाऊल उचलणं भाग झालं. आणि त्याच दुरुस्तीनं या प्रकरणाबाहेर घातलेल्या कलम १११-अ नं कामगाराला सुरक्षेची माहिती मागण्याचा व प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क दिला. तोवर प्रशिक्षण ही मालकानं आपल्या सोयीनं, आपल्या खर्चाकडे पाहून करायची गोष्ट होती. आता कामगार ते हक्कानं मागू शकत होता.

अमेरिकेतही हालचाल झाली, कारण ११ ऑगस्ट १९८५ रोजी इन्स्टिट्यूट गावातल्या त्याच कंपनीच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि शंभरावर लोकांना उपचार घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी तिथे वस्तीला माहितीचा अधिकार देणारा कायदा झाला. १९९२ मध्ये घातक रासायनिक प्रक्रियांसाठी नवे नियम आले. त्यांत एक अट अशी आहे की कामगाराला नुसतं शिकवून भागत नाही. त्याला ते समजलं याची खात्री करून तशी नोंद ठेवावी लागते. मे १९८२ च्या अहवालातल्या त्या दुर्लक्षित निरीक्षणाचं हे उत्तरच म्हणायला हवं.

या साऱ्या शिकवण्याची भारतातली मोठी केंद्रं मुंबई परिसरात आहेत. शीवची केंद्रीय श्रम संस्था आणि ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद इथे सुरक्षा अधिकाऱ्यांच्या पिढ्या घडल्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यात शेजारच्या कारखान्यांनी आणीबाणीत एकमेकांच्या मदतीला धावण्यासाठी ‘मार्ग’ हा गट उभारला. महाराष्ट्रानं २००३ मध्ये मोठ्या औद्योगिक अपघातांच्या नियंत्रणासाठी स्वतंत्र नियम केले. तरीही २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, बारा माणसं गेली आणि आसपासच्या इमारतींच्या काचा फुटून शेकडो जखमी झाले. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत दुसऱ्या कारखान्याचा रिअॅक्टर फुटला. या वसाहतींतलं पुष्कळसं काम कंत्राटी कामगारांच्या हातून होतं. आज इथे, उद्या तिथे अशा या माणसाला टाकीत काय आहे हे कोणी सांगायचं, त्याच्या भाषेत कोणी समजवायचं, याचं उत्तर कागदावर कंत्राटदार आणि मूळ मालक यांच्यात विभागलेलं आहे, आणि पाळीवर मात्र बहुतेक वेळा त्या कामगाराच्या शेजारी उभा असलेला जुना कामगारच ते देतो.

भोपाळच्या बंद कारखान्यात साचलेला घातक कचरा चाळीस वर्षं तिथेच पडून होता. १ जानेवारी २०२५ च्या रात्री त्यातला ३३७ टन कचरा बारा बंद कंटेनरांतून धार जिल्ह्यातल्या पीथमपूरकडे रवाना झाला. तो गोळा करून भरायला सुमारे शंभर कामगार होते. प्रत्येक खेप अर्ध्या तासाची, मग विश्रांती आणि तब्येतीची तपासणी, अंगावर संरक्षक पोशाख. पीथमपूरमध्ये लोक रस्त्यावर उतरले. या कंटेनरांत काय आहे, ते जाळल्यावर आमच्या हवेत आणि पाण्यात काय उतरेल, काही झालं तर आम्ही काय करायचं, हे आधी सांगा, अशी त्यांची मागणी होती. उच्च न्यायालयानं सरकारला मुदत दिली. मग चाचणीसाठी थोडा थोडा कचरा जाळून धुराची मोजमापं घेतली गेली, आणि उरलेला कचरा २०२५ च्या जूनअखेरपर्यंत जाळण्यात आला.